निफ्टी फ्युचर्स इंट्राडे: गटात निकाल मांडायचे तर कोणत्या हिशोबाने?

गंगापूररोड_०९१५ | १५ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये आम्ही नऊ जण निफ्टी फ्युचर्समध्ये (निफ्टी निर्देशांकाच्या वायद्यांत) इंट्राडे करतो, म्हणजे त्याच दिवशी घेऊन-विकून मोकळे होतो. दर रविवारी मिसळ खाता खाता आठवड्याचे निकाल एकमेकांपुढे ठेवायचे ठरलंय. घोडं अडतंय ते मापावर. कुणी रुपये सांगतो, कुणी टक्के, कुणी पॉइंट (भाव किती अंक हलला ते). कुणाचा एक लॉट (वायद्याचा ठरलेल्या नगांचा गठ्ठा), कुणाचे चार. स्क्रीनशॉट हिरवे असले की लगेच येतात, लाल असले की ‘नेट गेलं होतं’. सगळ्यांचे आकडे शेजारी ठेवून काही कळावं असा तक्ता कसा करायचा? खर्च धरायचा की नाही? आणि खरंखोटं कसं तपासायचं, तेही कुणाचा अपमान न होता?

---

पट्टीवाला

लासलगावला कांद्याला पुकारलेला भाव गावभर सांगतात, पण घरात येते ती पट्टी. हमाली-तोलाई वजा होऊन उरलेली. तुमच्या तक्त्यात पट्टीच हवी, भाव नको.

नोव्हेंबर २०२५ चे दर घेऊ. फ्युचर्स २६,००० आणि लॉट ७५ नगांचा धरा. एका लॉटची किंमत १९ लाख ५० हजार. एकदा घेतला आणि विकला की:

एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर), फक्त विक्रीवर, ०.०२ टक्के (१ ऑक्टोबर २०२४ पासूनचा दर, आधी ०.०१२५ होता): ३९० रुपये
एनएसईचा (शेअर बाजाराचा) व्यवहार आकार, दोन्ही बाजूंना, कोटीला १७३ रुपये: साधारण ६७
मुद्रांक शुल्क, फक्त खरेदीवर, ०.००२ टक्के: ३९
सेबी (बाजाराची नियामक संस्था) शुल्क, कोटीला १०: ४
ब्रोकरेज, ऑर्डरमागे २० धरून: ४०
जीएसटी १८ टक्के (ब्रोकरेज, व्यवहार आकार आणि सेबी शुल्कावर, एसटीटीवर नाही): २०

बेरीज ५६० रुपये. भागिले ७५ केलं की जवळजवळ साडेसात पॉइंट. म्हणजे भाव साडेसात पॉइंट तुमच्या बाजूने सरकेपर्यंत तुम्ही तोट्यातच आहात. ‘झिरो ब्रोकरेज’वर खूश होणाऱ्यांनी पाहून घ्यावं की ५६० मधले ३९० एकट्या एसटीटीचे आहेत.

याचा परिणाम कुठे दिसतो बघा. स्टॉप (तोट्यात बाहेर पडायची मर्यादा) ३० पॉइंट, टार्गेट (नफा घ्यायची मर्यादा) ४५. कागदावर १०० पैकी ४० सौदे बरोबर आले की बरोबरी. खर्च धरला की तोटा साडेसदतीस आणि नफाही साडेसदतीस. आता बरोबरीलाच ५० लागतात. स्लिपेज (ठरवलेला आणि मिळालेला भाव यातला फरक) अजून धरलेलं नाही. दिवसाला तीन सौदे आणि महिन्याला २० दिवस केले तर एका लॉटवर ३३,६०० रुपये नुसता खर्च. पाच लाखांच्या भांडवलावर हे महिन्याला पावणेसात टक्के झाले.

म्हणून माप एकच ठेवा: एका लॉटमागे निव्वळ पॉइंट, आणि त्याशेजारी ‘आर’. आर म्हणजे सौदा घेताना ठरवलेला मूळ स्टॉप किती पॉइंटचा होता तो आकडा. निव्वळ पॉइंट भागिले आर. एक लॉटवाला आणि चार लॉटवाला मग एकाच फुटपट्टीवर येतात.

---

सिडको_स्कॅल्पर

एवढं कशाला? टक्के सांगा, विषय संपला. आर-बिर रविवारी सकाळी कुणाला कळणार?

---

पट्टीवाला

भाऊ, टक्के कशाचे? वरच्या भावाने एका लॉटला मार्जिन (ब्रोकरकडे ठेवायची अनामत) साधारण सव्वादोन ते अडीच लाख लागतं. एक जण मार्जिनवर टक्के काढतो, दुसरा खात्यातल्या सगळ्या रकमेवर, तिसरा गहाण ठेवलेल्या फंडांसकट. तोच ४० पॉइंटचा सौदा एकाचा सव्वा टक्का, दुसऱ्याचा पाव टक्का. टक्के ज्याचे त्याने घरी काढावेत, भांडवल किती बुडू शकतं ते कळायला. नऊ जणांत तुलना करायला त्यांचा उपयोग नाही.

---

इंदिरानगर_लेजर

वरचं सगळं मान्य. पण तक्ता बिघडतो तो ‘एक सौदा’ कशाला म्हणायचं यावर. तोट्यात असताना आणखी घेऊन दोनदा सरासरी केली, मग अर्धा माल काढला, मग उरलेला. हे किती सौदे? नियम असा करा: पोझिशन (हातातला माल) शून्य ते पुन्हा शून्य, एक सौदा. मधल्या सगळ्या खरेदी-विक्रीची सरासरी काढा. नाहीतर सरासरी करणाऱ्याचे ‘चार जिंकले, एक हरला’ असं दिसतं आणि तो एकच चौघांना खाऊन बसलेला असतो.

रकाने: तारीख, काँट्रॅक्टचा महिना, वेळ, दिशा, लॉट, प्रवेश, मूळ स्टॉप, बाहेर पडल्याचा भाव, निव्वळ पॉइंट, आर. शिवाय एक रकाना ज्याला सगळे कंटाळतात: सौदा चालू असताना जास्तीत जास्त किती पॉइंट विरोधात गेला. ३० चा स्टॉप लिहिलाय आणि भाव ७० विरोधात जाऊन परत आला, तर तो नफा स्टॉप काढून टाकून मिळालेला आहे. हिरव्या स्क्रीनशॉटमध्ये हे कधीच दिसत नाही.

सौदा केला नाही त्या दिवसाचीही ओळ भरा: ‘निरंक’. गाळलेला दिवस आणि निरंक दिवस यातला फरक तिथेच उघडा पडतो. आणि २० सौद्यांवर कुणाला गुरू करू नका. निम्मे सौदे जिंकणाऱ्यालाही ६० सौद्यांत सलग पाच तोटे लागण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. सेबीने जुलै २०२५ मध्ये काढलेल्या आकडेवारीत २०२४-२५ साली इक्विटी डेरिव्हेटिव्हमधले (फ्युचर्स-ऑप्शन्समधले) ९१ टक्के वैयक्तिक ट्रेडर निव्वळ तोट्यात होते. नऊ जणांच्या गटात नऊही हिरवे दिसत असतील तर आधी तक्ता तपासा.

तपासणीसाठी स्क्रीनशॉट बाद. तो ब्राउझरमध्ये दोन मिनिटांत बदलता येतो, शिवाय दुसऱ्या खात्यातली उलटी पोझिशन त्यात दिसत नाही. काँट्रॅक्ट नोट (ब्रोकरकडून येणारी सौद्यांची पावती) घ्या. ती ईमेलवर येते, तिच्यात प्रत्येक सौद्याचा क्रमांक, वेळ आणि सगळे आकार वेगवेगळे असतात. पॅन, क्लायंट कोड, पत्ता झाकून मगच पुढे पाठवा. पीडीएफचा पासवर्ड बहुधा पॅनच असतो, तो गटात टाकू नका. सगळ्यांची रोज तपासायची गरज नाही. रविवारी चिठ्ठी काढा, ज्याचं नाव निघेल त्याची एका दिवसाची नोट तक्त्याशी जुळवा. चिठ्ठी म्हटल्यावर अपमानाचा प्रश्न येत नाही.

---

नाशिकरोड_लोकल

एक सूचना. निकाल सांगा, चालू बाजारात ‘आता घ्या, इथे स्टॉप’ असं गटात टाकू नका. आज नऊ जण आहेत, उद्या नव्वद होतील, परवा कुणीतरी महिन्याची फी सुचवेल. पैसे घेऊन असे सल्ले द्यायला सेबीची नोंदणी लागते (रिसर्च अॅनालिस्ट नियम २०१४). बाजार बंद झाल्यावरच ओळ भरायची असा नियम ठेवलात की दुसऱ्याच्या सौद्यामागे धावणंही थांबतं.

---

गंगापूररोड_०९१५

मंडळी, मस्त. वरच्या पद्धतीने दोन नमुना ओळी केल्या, आकडे काल्पनिक:

सौदा १: डिसेंबर फ्युचर्स, खरेदी २६,०१२, स्टॉप २५,९८२, विक्री २६,०५७. अधिक ४५, १.५ आर.
सौदा २: खरेदी २६,०४०, स्टॉप २६,०१० होता, नंतर २५,९९० केला, तिथेच उडाला. उणे ५०, उणे १ आर.

बरोबर आहे ना?

---

पट्टीवाला

दोन्ही चुकल्या.

पहिल्यात खर्च विसरलात. ४५ उणे साडेसात म्हणजे साडेसदतीस, भागिले ३०: १.२५ आर. काही जण खर्च आरमध्येच मिसळतात, म्हणजे ३० ऐवजी साडेसदतीसने भागतात. तसं करू नका, खर्च दिसेनासा होतो.

दुसऱ्यात खरी गोम आहे. स्टॉप मागे सरकवला म्हणून आर बदलत नाही, आर मूळ स्टॉपचाच, ३०. तोटा ५० अधिक साडेसात, साडेसत्तावन्न. म्हणजे उणे १.९२ आर. तुमच्या तक्त्यात दोन सौद्यांची बेरीज अधिक अर्धा आर दिसते, प्रत्यक्षात ती उणे ०.६७ आहे. स्टॉप सरकवणारा माणूस स्वतःच्या तक्त्यात आयुष्यभर ‘उणे १’च लिहीत राहतो.

---

इंदिरानगर_लेजर

स्टॉपचा विषय निघालाच आहे तर ऑर्डरबद्दल. नऊ जणांचे स्टॉप एकाच भावावर असले तरी निकाल वेगळे येतील, कारण कुणी एसएल-लिमिट लावतो (ठरवलेल्या किमतीपर्यंतच सुटणारी स्टॉप ऑर्डर), कुणी एसएल-एम (मिळेल त्या भावाला सुटणारी). लिमिटमध्ये ट्रिगर (ऑर्डर जागी होते तो भाव) २६,०१० आणि किंमतही २६,०१० ठेवली की वेगात घसरणाऱ्या बाजारात भाव खाली निघून जातो आणि ऑर्डर तशीच लटकते. रिझर्व्ह बँकेच्या धोरणाच्या दिवशी १० वाजता हे हमखास होतं. लिमिट लावायची तर किंमत ट्रिगरच्या १० ते १५ पॉइंट खाली ठेवा. एसएल-एम सुटतेच, फक्त भाव मिळेल तो. मिळालेला भाव आणि ट्रिगर यातला फरक वेगळा लिहून ठेवा, महिन्याभरात तुमचं स्वतःचं स्लिपेज कळेल.

टार्गेट आणि स्टॉप अशा दोन सुट्या ऑर्डरी लावणाऱ्यांनी एक भरली की दुसरी लगेच रद्द करावी. नाहीतर टार्गेट घेऊन माणूस चहाला जातो आणि राहिलेला स्टॉप त्याला नकळत शॉर्ट (माल नसताना विकलेला) करून ठेवतो. आणि स्टॉप काढला स्पॉटच्या (मूळ निर्देशांकाच्या) चार्टवर, टाकला फ्युचर्सच्या ऑर्डरमध्ये, हीही नेहमीची चूक. महिन्याच्या सुरुवातीला दोन्हींत बरंच अंतर असतं आणि एक्स्पायरीला (वायदा संपतो त्या दिवशी) ते मिटतं. फ्युचर्सच्या सौद्याला फ्युचर्सचाच चार्ट.

---

सिडको_स्कॅल्पर

बरं, पटलं. मग २५ नोव्हेंबरच्या एक्स्पायरीनंतर तक्ता नवा करायचा का? आणि लॉट बदलणार आहे म्हणतात.

---

पट्टीवाला

तक्ता तोच, फक्त काँट्रॅक्टचा महिना बदलेल. लॉट नोव्हेंबर-डिसेंबर २०२५ ला ७५ च, जानेवारी २०२६ च्या काँट्रॅक्टपासून ६५. रुपयांत हिशोब ठेवणाऱ्यांचा तिथे घोळ होईल, कारण ३० पॉइंटचा स्टॉप २,२५० वरून १,९५० वर येतो आणि सगळ्यांचे तोटे आपोआप ‘सुधारल्यासारखे’ दिसतील. पॉइंटमधला खर्च मात्र याच दरांनी जवळपास तोच: ब्रोकरेज कमी नगांवर वाटलं जातं म्हणून एका पॉइंटच्या दहाव्या हिश्शाइतका वाढेल, साडेसात आहे ते ७.६ धरा.

---

नाशिकरोड_लोकल

आणि तक्ता वर्षभर जपून ठेवा, सीएला तोच लागतो. फ्युचर्सचं उत्पन्न सट्ट्याचं धरत नाहीत, व्यवसायाचं धरतात, म्हणून आयटीआर-३ (व्यवसायाच्या उत्पन्नाचं आयकर विवरणपत्र). उलाढाल म्हणजे लॉटची १९ लाख किंमत नव्हे, नफे आणि तोटे दोन्हींची चिन्ह न पाहता केलेली बेरीज. तोटा पगारातून वजा होत नाही. पुढे आठ वर्षं ओढता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तरच.