सोलापूरच्या उन्हात घर बांधायचंय, कोणत्या आर्किटेक्टचं काम बघू?

जुळे_सोलापूरची_ताई
नमस्कार मंडळी, जुळे सोलापुरात आमचा 30 बाय 40 चा प्लॉट आहे, दिवाळीनंतर काम सुरू करायचंय. प्लॉट पश्चिममुखी, म्हणजे दुपारी 3 पासून दिवस मावळेपर्यंत ऊन थेट दारात. जे एलेव्हेशन, म्हणजे घराच्या पुढच्या बाजूचं चित्र, बनवून मिळालंय त्यात पुढची आख्खी भिंत काचेची आहे, दिसायला भारी पण मला भीती वाटते. सध्या भाड्याने वरच्या मजल्यावर राहतो, मे महिन्यात रात्री 11 वाजता पलंगावर उभं राहून स्लॅबला हात लावला तर नुकत्याच बंद केलेल्या इस्त्रीसारखी धग लागते. आई म्हणते मंगळवेढ्याला तिच्या माहेरी माळवदाचं घर होतं, पंखा नव्हता तरी दुपारची झोप लागायची. कोरिया, दोशी, लॉरी बेकर ही आर्किटेक्टची नावं ऐकलीत, त्यांनी नक्की काय केलं आणि त्यातलं 1200 स्क्वेअर फुटात काय जमेल? नुसते मोठ्या बिल्डिंगचे फोटो नकोत, समजून सांगा की ओ.

साईटवरचा_माणूस
ताई, पहिले बेकर बघा. माणूस इंग्लंडचा, 1917 चा जन्म, पण सगळं आयुष्य इथं काढलं, आधी पिथोरागडला डोंगरात आणि मग केरळमध्ये. त्याची रॅट-ट्रॅप बाँड भिंत मी एका साईटवर बांधून घेतलीय. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवायची, भिंत 9 इंचीच राहते पण मधे पोकळी सुटते, विटा साधारण 25 टक्के कमी लागतात आणि पोकळीतल्या हवेमुळं बाहेरची धग आत यायला वेळ लागतो. दुसरी त्याची फिलर स्लॅब. स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीट फार काही काम करत नाही, ताण सळई घेते, म्हणून तिथं सळयांच्या मधे मंगलोरी कौलं बसवायची, काँक्रीट वाचतं, वजन कमी होतं.
पण खरं सांगतो, रॅट-ट्रॅपला मिस्त्री तयार करावा लागतो. आमच्या साईटवर पहिल्या दिवशी 3 थर लावून झाले आणि पोकळीत सगळा सिमेंट-वाळूचा मसाला पडलेला, ते थर काढायला लावले, मिस्त्री दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. नंतर त्यानंच फळी कापून आणली, पोकळीवर ठेवायची, मसाला लावायचा आणि फळी पुढं सरकवायची. विटा एकसारख्या मापाच्या लागतात, वेडीवाकडी भट्टीची वीट चालत नाही. आणि लाईटचे पाईप कुठून जाणार हे आधीच ठरवा, नंतर छिन्नी मारली की भिंत गेली.

अहमदाबादला_शिकते
मी सोलापूरचीच, आर्किटेक्चर शिकायला अहमदाबादला आहे. बाळकृष्ण दोशींचं संगत, म्हणजे त्यांचं स्वतःचं ऑफिस, आत जाऊन बघितलंय, 1980 चं काम. दोशी मूळचे पुण्याचे, 2018 ला प्रित्झकर हा आर्किटेक्चरमधला मोठा पुरस्कार मिळालेले पहिले भारतीय. संगत अर्धं जमिनीच्या खाली आहे आणि वर गोल कमानीसारखी छतं, त्यावर फुटक्या पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचं मोझॅक. बाहेर डोळे मिटावे लागतील इतकं ऊन होतं आणि दोन पायऱ्या उतरल्या की हवाच बदलली, मला तर आजीच्या घरातली देवघराची खोली आठवली.
तुमच्यासाठी त्यातलं छत घ्या. ब्रिकबॅट कोब्यावर, म्हणजे स्लॅबवरच्या विटांच्या तुकड्यांच्या थरावर, पांढरं चायना मोझॅक करा. आपल्याकडं लोक संध्याकाळी गच्चीवर पाणी मारतात पण पाण्याची टंचाई असली की मारणार कुठून? पांढरा रंग ऊन परत फेकतो, त्याला पाणी लागत नाही.
आणि काचेबद्दल, ऊन काचेतून आत आल्यावर पडदा ओढून काही होत नाही, धग आलेलीच असते, ऊन बाहेरच अडवायला लागतं. ल कॉर्बुझिए या परदेशी आर्किटेक्टनं चंदीगडला खिडक्यांच्या पुढं काँक्रीटचे खोल आडोसे काढले ते ह्याचसाठी. तुमच्या पश्चिमेला भिंतीच्या दोन-अडीच फूट पुढं विटांची जाळी उभी करा. बेकरनी त्रिवेंद्रमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेच्या इमारतींना अशा जाळ्या भरपूर वापरल्यात.

गवंडगल्लीचे_काका
पोरीनं बरोबर सांगितलं. माळवदाचं म्हणाल तर तिथं तुळयांवर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, दिवसभराचं ऊन मातीतच अडकतं, खाली येईपर्यंत रात्र होते. पण माती दरवर्षी पावसाळ्याआधी घालावी लागते आणि आता ते काम करणारी माणसंच मिळत नाहीत, त्यामुळं माळवदाच्या मागं लागू नका.
चार्ल्स कोरियाचं माझ्या मते सगळ्यात उपयोगाचं काम म्हणजे मुंबईचा उंच कांचनजुंगा टॉवर नव्हे, अहमदाबादचं ट्यूब हाऊस, 60 च्या दशकातलं. अरुंद लांब घर, उतरतं छप्पर, गरम हवा छपराच्या बाजूनं वर सरकते आणि टोकाच्या फटीतून निघून जाते, खालून नवीन हवा येते. ते घर आता उभं नाही, पण कल्पना फुकट आहे. तुम्ही जिन्याची खोली स्लॅबच्या वर 4 फूट जास्त काढा, तिला वरती झडपेच्या खिडक्या द्या, जिनाच चिमणी होतो. आणि जिना, बाथरूम, कपाटं सगळी पश्चिमेला टाका, झोपायच्या खोल्या पूर्वेला. चौक काढा असं कुणी म्हणेल, 1200 फुटात मी नाही म्हणेन, जागा जाते आणि धुळीनं घरातली बाई वैतागते.

जुळे_सोलापूरची_ताई
काका, दादा, आणि तुला पण गं, मनापासून धन्यवाद. काल रात्री आईला सगळं वाचून दाखवलं, जिन्याची चिमणी ऐकून ती म्हणाली आमच्या माळवदाला पण वर धुराडं होतं की. काच रद्द केली, पश्चिमेला जाळी आणि जिना, गच्चीला पांढरं मोझॅक, एवढं आर्किटेक्टला कळवलंय. रॅट-ट्रॅपचं दादा, तुमचा तो फळी कापणारा मिस्त्री दिवाळीनंतर मोकळा आहे का तेवढं विचारून सांगा.

साईटवरचा_माणूस
विचारतो. मार्गशीर्षात एक काम सुरू आहे त्याचं, त्यानंतर येईल. विटा मात्र आत्ताच बघून ठेवा, भट्टीवर जाताना टेप घेऊन जा आणि 20 विटा ओळीनं मांडून मोजा.