बीटी कपाशीत गुलाबी बोंडअळी, फरदड ठेवू का?

प्रश्न (यवतमाळ): काल एक हिरवं बोंड फोडलं. बाहेरून धडधाकट, छिद्र नाही. आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, रुईची कवडी (डागाळलेला, खराब कापूस) झालेली. बीटी (अळी मारणारं विष झाडातच तयार होणारं वाण) असून हे कसं? तीन एकर आहे, पाणी आहे, म्हणून फरदड (वेचणीनंतरही पाणी देऊन तेच पीक पुढे उभं ठेवणं) घ्यावी म्हणतो.

उत्तर (परभणी): भाऊ, फरदड नको, हात जोडून सांगतो. बीजी-२ (आपण लावतो ते बीटी बियाणं) मधली क्राय१एसी, क्राय२एबी ही दोन्ही विषं ही अळी आता पचवते. २०१७ साली आपण सगळ्यांनी ते भोगलंय. ती मुख्यतः कपाशीवरच जगते. पीक उभं ठेवलं की पुढच्या पिढीला घर मिळतं. पूर्वी पाकिटासोबत मिळणारं १२० ग्रॅम बिगर-बीटी बी मी वर्षानुवर्षं लावलंच नाही, त्याची हळहळ आजही आहे. त्या झाडांवर वाढलेले साधे पतंग विष पचवणाऱ्यांशी जुळले, तर त्यांची पिल्लं बीटीवर बहुतेक मरतात. तो रस्ता आपणच बंद केला.

उत्तर (जळगाव): पुढच्या हंगामात कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग ३ दिवस एका सापळ्यात रोज ८ पतंग आले की फवारणी. डोमकळ्या (अळीमुळे न उमलता गुलाबकळीसारखी मिटून राहिलेली फुलं) दिसताच तोडून नष्ट करा. पऱ्हाटीची (वेचणीनंतर उरलेल्या कपाशीच्या झाडांची) गंजी बांधावर नको!

प्रश्नकर्ता: वेचणी उरकून या आठवड्यातच पऱ्हाटी उपटतो, दादा.