उष्टावण चौथ्यात की सहाव्यात? (आणि म्हाताऱ्यांची पेज)

कुळागर
काल इथे एकाने ठणकावून लिहिलं की सहा महिने थांबणं ही डॉक्टरी फॅशन. चौथ्यातच पेजेची निवळ (वरचं पाणी) पाजा, घुटीत मध चाटवा, बाळ बाळसं धरतं. धरत नाही हो! निवळीत सत्त्व जेमतेम, पोट मात्र भरतं. मग बाळ अंगावर कमी ओढतं, आणि ओढलं नाही की दूध आटतं. मधात बॉट्युलिझमच्या, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेच्या, जंतूचे बीजाणू असू शकतात, तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात. वर्ष पुरं होईतो मध बोटावरही नको.

तिसवाडीचा जावई
मुलीचं उष्टावण पाचव्यात, मुलाचं सहाव्यात. वाडवडील खुळे होते काय? आणि उशीर झाला की लोह कमी पडतं, हे बरं गाळलंत.

कुळागर
गाळलं नाही. लोहाचा जन्मजात साठा सहा महिन्यांच्या सुमारास सरत येतो, म्हणून सहा पुरे झाल्यावर रेंगाळायचं नाही. पण सहावा लागला म्हणजे भरले पाचच. मान धरते का, आधाराने बसतं का, जीभ घास बाहेर ढकलते का, हे बघा. मुलगी-मुलगा बघून आतडं पिकत नाही.
सुरुवात दोन-तीन चमचे, हळूहळू अर्धी वाटी. चमचा तिरका केला तर ओघळू नये इतकं घट्ट. नाचणे रात्रभर भिजवा, फडक्यात मोड आणा, वाळवा, हलके भाजून दळा. मोडामुळे पिष्ट फुटतं, खीर पातळ राहते, त्याच वाटीत जास्त पीठ मावतं. खरपूस भाजलंत तर तो गुण गेला.

फोंड्याची वयनी
बाळाला पेज पातळ, तर म्हाताऱ्यांना कशी चालते? दात गेले की दोन्ही वेळा पेज नि लोणच्याची फोड. उतारवयात किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 50 किलोच्या माणसाला 50-60. वाडगाभर पेजेत दोन-तीन! मांड्या वाळतात, मग न्हाणीत पाय सरकतो आणि दोष शेवाळाला.

खारवी
वयनी, नुस्तं (मासे) घाला की. बांगड्याच्या 100 ग्रॅम मांसात 20 च्या आसपास.

फोंड्याची वयनी
घालते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदीत कुठून आणू? दर तुम्हीच सांगा.

खारवी
बंदी अंडी घालणाऱ्या माशांसाठी आहे, दर वाढवायला नव्हे! सुकं आहे ना घरात?

तिसवाडीचा जावई
सुक्यात मीठ किती! रक्तदाबवाल्याला द्याल?

फोंड्याची वयनी
भिजवून दोनदा पाणी टाकलं तरी मीठ पुरतं जात नाही, हे जावयाचं खरं. म्हणून बंदीत अंडं, मूग, दही. पेज सोडवत नसेल तर मुगाची डाळ त्यातच शिजवून घोटा. ज्याला पाणी पिताना ठसका लागतो त्याला निवळ नकोच, पातळ पदार्थ श्वासनलिकेत आधी शिरतो. बसवून भरवा, नंतर अर्धा तास आडवं करू नका.

तिसवाडीचा जावई
मूळ प्रश्न उष्टावणीचा होता. मधाचं सोडलं, बाकी पाचव्या महिन्यावर मी ठाम.

कुळागर
मुहूर्त पाचव्यात धरा, नैवेद्य तुम्ही खा. बाळाला महिन्याने.