मदत हवी आहे : बारावी झालेल्या बाईला विधी स्वयंसेवक होता येतं का? (देवगड)

नमस्कार. मी देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात राहते. शिक्षण बारावी. महिला बचत गटाचं दफ्तर माझ्याकडे असतं, त्यामुळे वाडीतल्या बाया कागद घेऊन येतात. कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा निराधार योजनेचा अर्ज, कुणाला नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद करायची असते.

सगळ्यात जीवाला लागतो तो हक्कसोडीचा विषय. गणपतीला चाकरमानी आले की सामाईक कलमांच्या बागेची बोलणी निघतात आणि माहेरवाशिणीपुढे कागद येतो. कितीतरी जणी राजीखुशीने भावाला सोडतात, तो त्यांचा प्रश्न. पण आपला वाटा आहे हे कळून सोडणं आणि 'कर गो सही' म्हटल्यावर करणं यात फरक आहे. सहीच्या आधी तिला नीट समजावणारं माणूस वाडीत हवं. ते मला व्हायचं आहे, आणि रीतसर.

एका खासगी क्लासवाल्याने 'पॅरालीगल कोर्स करा, कोर्टात सरकारी नोकरी लागेल' असं सांगून बरीच फी मागितली आहे. भरू का? बारावी पुरते का? पगार असतो का? घरच्याच भाऊबंदकीत काही निघालं तर काय करायचं?

प्रतिसाद १
ताई, फी भरू नका. मी रत्नागिरीकडे हेच काम करतो. याला विधी स्वयंसेवक म्हणतात, इंग्रजीत पॅरालीगल व्हॉलंटियर, म्हणजे पीएलव्ही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ साली ही योजना आणली. निवड जिल्हा विधी सेवा प्राधिकरण करतं आणि प्रशिक्षणही तेच देतं, त्यासाठी क्लासचं प्रमाणपत्र लागत नाही. दहावी झालेला माणूसही चालतो, त्यामुळे तुमची बारावी पुरेशी आहे. अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक, बचत गटाच्या बाया अशांनाच तर घेतात. वकिलीची सनद घेतली की मात्र यातून बाहेर पडावं लागतं. राजकीय पक्षाचं सक्रिय काम करणारेही चालत नाहीत.

ही नोकरी नाही, हे मनाशी पक्कं करा. पगार नाही. ज्या दिवशी काम नेमून देतील त्या दिवसाचं मानधन मिळतं, तेही कधी उशिरा. लोकांकडून एक रुपया घ्यायचा नाही, नारळसुद्धा नाही. काम काय? अर्ज लिहून देणं, कायदेविषयक शिबिरं, तुरुंगातल्या कैद्यांना वकील मिळवून देणं, लोकअदालतीसाठी दोन्ही बाजूंशी बोलणं. कोर्टात उभं राहायचं नाही आणि सल्ला वकिलाचाच.

बायांना एक गोष्ट आवर्जून सांगा. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. भावाचा बंगला असो की नवऱ्याची बोट, तिचा अर्ज घ्यावाच लागतो. आमच्याकडे निम्म्या बाया 'आमी गरीब नाय' म्हणून परत जायच्या.

प्रतिसाद २
वर सगळं बरोबर आहे. मी वकील आहे, म्हणून हक्कसोडीबद्दल थोडं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. वडील तेव्हा हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. पण २० डिसेंबर २००४ पूर्वीच नोंदणीकृत वाटप झालं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून 'तुझा वाटा इतका' असं तुम्ही कधीच सांगू नका. सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढायला मदत करा आणि तिला पॅनेलवरच्या, म्हणजे विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीतल्या वकिलाकडे न्या. जमिनीवरचा हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावाच लागतो, त्यामुळे घरी घाईत सही करायचं कारण नाही. स्वतःच्या भाऊबंदकीत मात्र पडू नका, ते प्रकरण दुसऱ्या स्वयंसेवकाकडे द्या.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. क्लासवाल्याला आजच नाही म्हणून कळवते. अर्ज देवगडच्या कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे दिला तर चालेल, की ओरोसलाच, जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागेल?

प्रतिसाद १
आधी देवगडलाच विचारा. भरतीची सूचना बहुतेक जिल्ह्याकडून निघते, ती कधी येणार ते तिथे कळेल. नाहीतर १५१०० या मोफत क्रमांकावर विचारा. बचत गटात तुम्ही काय काम करता ते अर्जात सविस्तर लिहा.