४.५ मिमी भिंतीच्या डिस्ट्रिक्ट हीटिंग पाइपमध्ये जवळपास प्रत्येक जोडाला रूट इको

प्रश्न (जोड_तपासनीस):
डिस्ट्रिक्ट हीटिंगच्या (वस्तीला गरम पाणी पुरवणाऱ्या) लाइनच्या वेल्डची अल्ट्रासॉनिक तपासणी करतोय. प्री-इन्सुलेटेड लाइन, म्हणजे बाहेरून फोम आणि पीई (पॉलिइथिलीन) आवरण. आतला स्टील पाइप डीएन २००, म्हणजे २१९.१ × ४.५ मिमी, स्टीलची ग्रेड पी२३५जीएच. सिंगल व्ही जोड (बाहेरून व्ही आकाराची खाच भरून केलेलं वेल्ड). प्रोब ७० अंश, ४ मेगाहर्ट्झ, क्रिस्टल ८ × ९ मिमी. परिघभर रूटच्या (वेल्डच्या आतल्या तळाच्या) जागी कमी-जास्त इको (परत आलेली ध्वनिलहर) येतो. यातल्या काही जोडांची रेडिओग्राफी केली, फिल्म स्वच्छ आहे. वेल्डरला दोष द्यायचा की माझ्या सेटिंगला?

उत्तर (तिरपा_किरण):
आधी कागदावर गणित मांडा. ७० अंशांना अर्धा स्किप (किरण एकदा भिंत पार करेपर्यंत पृष्ठभागावर पुढे जातो ते अंतर) ४.५ × २.७५, म्हणजे १२.४ मिमी. कॅपची (वेल्डच्या बाहेरच्या फुगवट्याची) अर्धी रुंदी ५ आणि प्रोबच्या इंडेक्सपासून (किरण बाहेर पडतो त्या बिंदूपासून) नाकापर्यंत साधारण ११ धरले, तर १६ मिमीपेक्षा जवळ जाताच येत नाही. म्हणजे पहिल्या टप्प्यात रूट दिसतच नाही. तो दिसतो दीड स्किपला, ३७ मिमीवर.

खरी गोम इथेच आहे. तीन टप्प्यांत प्रत्येक चूक तिप्पट होते. भिंत प्रत्यक्षात ४.२ असेल आणि मशीनमध्ये ४.५ भरलं असेल, तर जागा अडीच मिमीने सरकते. वेज (क्रिस्टलखालचा प्लास्टिकचा तिरपा तुकडा) झिजून कोन ७१ झाला तर आणखी दोन. एवढ्यात रूटचा इको मध्यरेषेच्या या बाजूचा त्या बाजूला जातो. म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना ट्विन क्रिस्टल प्रोबने जाडी मोजा आणि कोन त्याच दिवशी कॅलिब्रेशन ब्लॉकवर तपासा.

शिवाय एवढ्या पातळ भिंतीत किरण भिंतीपेक्षा रुंद असतो, त्यामुळे कॅपचा इकोही रूटच्या आसपास येऊन बसतो. कपलंट (प्रोब आणि स्टीलमध्ये लावायचं जेल) लावलेलं बोट कॅपवर टेकवा. इको थरथरला तर तो कॅपचा.

उत्तर (रूट_पास):
जागा पक्की झाली की दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. दोन्हीकडून इको मध्यरेषेच्या अलीकडे पडला तर पेनिट्रेशन अपुरं (वेल्ड तळापर्यंत पोहोचलेलं नाही). दोन्हीकडून पलीकडे पडला तर मणी (वेल्डचा धातू) पाइपच्या आत जास्त उतरलाय. एकाच बाजूने जोरदार आणि दुसरीकडून जवळजवळ काही नाही, तर आधी पाइपांच्या कडांचं वर-खाली बघा. मात्र बेव्हलच्या (पाइपच्या तिरप्या कापलेल्या) कडेला फ्यूजन नसेल, म्हणजे धातू एकजीव झाला नसेल, तर तेही एकाच बाजूने उठून दिसतं, आणि तिरप्या सपाट दोषाला फिल्म सहज चुकवते. तेव्हा ‘फिल्म स्वच्छ’ हे शेवटचं उत्तर मानू नका.

आयएसओ १७६४० ही पद्धत ८ मिमी आणि त्यापुढच्या जाडीसाठी आहे. ३.२ ते ८ मिमीसाठी आयएसओ २०६०१ आहे, त्यात स्वयंचलित फेज्ड अ‍ॅरे (अनेक छोट्या क्रिस्टलनी किरण वळवणारा प्रोब) येतो. नियमित काम असेल तर तिकडेच वळा: कमी उंचीचा प्रोब, ७.५ मेगाहर्ट्झ, एन्कोडर (प्रोबची जागा नोंदवणारं यंत्र) असलेला स्कॅनर. कॅलिब्रेशनचा तुकडा त्याच व्यासाच्या, त्याच जाडीच्या पाइपचा घ्या, आत-बाहेर खाचा पाडलेला.

जोड_तपासनीस:
डीएन १०० च्या फाट्यांनाही हाच प्रोब चालेल?

रूट_पास:
वेजखालची फट मोजा: वेजची वक्रतेच्या दिशेची रुंदी, तिचा वर्ग भागिले व्यासाच्या चौपट. १६ मिमी रुंदी आणि ११४.३ व्यासाला ०.५६ मिमी येते, मर्यादा ०.५. वेज घासून गोलाई द्या आणि त्यानंतर कोन-इंडेक्स पुन्हा मोजा, हे लोक विसरतात. २१९ ला ०.२९ येते, तिथे सपाट चालतं.

उत्तर (फोम_आणि_स्लीव्ह):
एक गोष्ट राहिली. पाइपची उघडी टोकं आखूड असतात, त्यामुळे ३७ मिमी मागे सरकताना फोमचे चिकटलेले कण प्रोब उचलतात. ते आणि स्पॅटर आधी खरवडा. गळतीच्या अलार्मच्या तांब्याच्या तारा बाजूला वळवून ठेवा, स्क्रॅपरखाली तुटतात. तपासणी झाली की कपलंट पूर्ण पुसून स्टील कोरडं करा. ओलाव्याशी जोडाच्या फोममधल्या आयसोसायनेटची रासायनिक क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो, फोम बिघडतो आणि जेल राहिलेल्या जागी तो स्टीलला धरत नाही. स्लीव्हच्या (जोडावर चढवायच्या बाहेरच्या नळीच्या) खाली पीई आवरणावर सांडलेला कपलंटही तितकाच घातक.

तिरपा_किरण:
आणि सेन्सिटिव्हिटी दर चार तासांनी व काम संपताना तपासा. ४ डीबीहून जास्त घटली असेल तर मागच्या तपासणीपासूनचे सगळे जोड पुन्हा. खंदक बुजवायच्या आधी हे लक्षात आलेलं बरं.