इंटरनेट गेले की कार्यालयातला प्रिंटरही का थांबतो? लॅन आणि वॅन यांत नेमका फरक काय?

प्रश्न : हिशेबनीस, दादर

दादर पश्चिमेला दुसऱ्या मजल्यावर आमचे करसल्लागाराचे छोटे कार्यालय आहे. दोन खोल्यांत मिळून पाच संगणक, एक सामाईक प्रिंटर आणि सर्व अशिलांच्या फायली ठेवलेला एक जुना संगणक, एवढाच पसारा आहे. इंटरनेट बंद पडले की छपाईही बंद पडते. तपासायला आलेला तंत्रज्ञ ‘तुमचे लॅन ठीक आहे, दोष वॅनकडचा आहे’ एवढेच सांगून निघून गेला. लॅन, मॅन, वॅन हे प्रकार कशावरून ठरतात, आणि बाहेरची जोडणी गेल्यावर शेजारच्या टेबलावरचा प्रिंटर का रुसतो, हे कोणी समजावून सांगेल का? बोरिवलीच्या आमच्या शाखेतून दादरच्या फायली उघडता याव्यात, अशीही इच्छा आहे.

उत्तर : तारजोडणी

दोन किंवा अधिक संगणक, त्यांना जोडणारी तार अथवा रेडिओलहरी आणि माहितीची देवाणघेवाण कशी करायची याचे दोन्ही बाजूंना मान्य असलेले नियम, म्हणजेच प्रोटोकॉल, हे तिन्ही जुळून आले की नेटवर्क तयार होते. पाठ्यपुस्तके त्याचे प्रकार अंतरावरून पाडतात : मोबाइल आणि ब्लूटूथ हेडफोन यांचे पॅन, एका इमारतीतले लॅन, शहरभर पसरलेले मॅन आणि त्यापलीकडचे वॅन. मला मात्र ‘तार कोणाच्या ताब्यात आहे’ हा प्रश्न अधिक उपयोगी वाटतो. तुमच्या स्विचपासून, म्हणजे सर्व संगणकांच्या तारा जिथे एकत्र येतात त्या पेटीपासून, प्रत्येक टेबलापर्यंत गेलेली केबल तुमची आहे, ती तुटली तर तुम्हीच बदलणार, म्हणून ते लॅन. राउटर, म्हणजे तुमचे नेटवर्क बाहेरच्या इंटरनेटला जोडणारी पेटी, त्याच्या पलीकडे सेवा पुरवणाऱ्या कंपनीची फायबर सुरू होते, तिथे तुमच्या हातात तक्रार नोंदवण्यापलीकडे काही नसते. नेहमीच्या तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर असते, पण दोन खोल्यांत तो प्रश्नच येत नाही.

उत्तर : जुना फोर्टकर

वरील निकष मला पटला, परंतु मॅन इतक्या चटकन सोडून देऊ नये. आपल्याकडे गच्चीवरून गच्चीवर लोंबत जाणाऱ्या केबल पाहिल्या की शहराच्या पातळीवरचे नेटवर्क म्हणजे काय ते मान वर केल्यावरच कळते. जोडणीच्या रचनेबद्दलही सांगतो. नव्वदच्या दशकात आमच्या कार्यालयात एकच कोॲक्सियल केबल सर्व संगणकांच्या पाठीमागून फिरवलेली होती आणि तिच्या दोन्ही टोकांना ५० ओहमची टोपी, म्हणजे टर्मिनेटर, लावलेली असे. एकदा झाडलोट करताना कोणीतरी ती टोपी काढून खिडकीत ठेवली आणि संपूर्ण मजला ठप्प झाला. ही बस रचना. आता प्रत्येक संगणकाची स्वतंत्र तार स्विचपर्यंत जाते, म्हणजे रचना ताऱ्यासारखी असते, त्यामुळे एक तार तुटली तरी बाकीच्यांचे काम चालू राहते.

उत्तर : रात्रपाळी

मूळ तक्रारीकडे वळतो. इंटरनेट गेल्यावर तुमचे सहकारी मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून संगणक त्याला जोडतात का? तसे असल्यास तो संगणक त्या क्षणी कार्यालयाचे लॅन सोडून मोबाइलच्या नेटवर्कमध्ये जातो, प्रिंटर मात्र जुन्याच नेटवर्कमध्ये राहतो. खात्री करण्यासाठी कमांड प्रॉम्प्टवर ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) टंकून पाहावे. एरवी संगणकाचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा क्रमांक, १९२.१६८.१ ने सुरू होत असेल आणि त्या वेळी १९२.१६८.४३ किंवा १७२.२०.१० असा काही दिसला, तर कारण सापडले.

प्रश्नकर्ता : हिशेबनीस, दादर

आज दुपारी मुद्दाम राउटरमधून फक्त बाहेरची तार काढून पाहिली. ज्या दोघांनी हॉटस्पॉट घेतला त्यांचीच छपाई थांबली, उरलेल्या तिघांचे कागद मुकाट्याने बाहेर आले. तंत्रज्ञाला उगाच दोष दिला. आता बोरिवलीचे काय करावे?

उत्तर : रात्रपाळी

दोन्ही राउटरांच्या दरम्यान व्हीपीएन उभारावे, म्हणजे इंटरनेटवरूनच, पण सांकेतिक रूपात, दोन लॅन एकमेकांना जोडली जातील. त्यासाठी किमान दादरला सेवादात्याकडून स्थिर सार्वजनिक आयपी पत्ता मागून घ्यावा. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात एकूण सुमारे ४३० कोटीच आहेत, त्यामुळे अनेक ग्राहकांना एकच बाहेरचा पत्ता वाटून दिलेला असतो आणि तशा ठिकाणी बाहेरून आत येण्याची वाट सापडत नाही. दुसरी गोष्ट हमखास विसरली जाते : दोन्हीकडे १९२.१६८.१ हीच पत्त्यांची मालिका असेल, तर माहितीचे पाकीट कोणत्या कार्यालयाकडे पाठवायचे ते राउटरला ठरवता येत नाही, म्हणून बोरिवलीची मालिका आधी बदलून घ्यावी. फायलींचा संगणक राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे दार, उघडून थेट इंटरनेटवर आणण्याचा सोपा उपाय कोणी सुचवला, तर अशिलांची कागदपत्रे आठवून नकार द्यावा.