पूजा तोमर वुशूतून एमएमएत गेली, यात चुकलं काय?

उजवीलाथ

परवा वुशू या चिनी युद्धकलेच्या एका जुन्या खेळाडूशी बोलणं झालं. पूजा तोमरचा विषय निघाला तर म्हणाला, "तिनं खेळ सोडला, पैशाच्या मागे गेली." ते वाक्य मला फार लागलं, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूजा उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या बुढाणा गावची. वुशूत पाच वेळा राष्ट्रीय विजेती. पुढे मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये (एमएमए, म्हणजे ठोसे, लाथा आणि जमिनीवरची पकड सगळं चालणारी, पिंजऱ्यात होणारी लढत) गेली, आणि २०२३ मध्ये यूएफसी या एमएमएच्या लढती भरवणाऱ्या अमेरिकी कंपनीशी करार करणारी पहिली भारतीय महिला ठरली. ८ जून २०२४ ला अमेरिकेतल्या लुइव्हिलमध्ये ब्राझीलच्या रायान दोस सांतोसला हरवून तिनं यूएफसीतली पहिली लढत जिंकली. निकाल पंचांच्या गुणांवर लागला (आधी पूजाचे गुण): एकाने ३०-२७, दुसऱ्याने २७-३०, तिसऱ्याने २९-२८. इतकी अटीतटीची लढत आपण क्वचितच बघतो.

आता मला सांगा, वुशूत तिला पुढे काय होतं? वुशू आशियाई स्पर्धांत १९९० पासून आहे, पण ऑलिम्पिकमध्ये पदकाचा खेळ नाही. म्हणजे आयुष्यभराची मेहनत चार वर्षांतून एकदा पणाला लावायची, तेही निवड झाली तर. खेळाडूचं वय तोपर्यंत थांबत नाही. पूजानं आपल्या अंगातली कला जिथे चालेल तिथे नेली. माझ्या मते ती बरोबर आहे.

मॅटवरची

मी तालुक्याच्या गावी अकरा वर्षं मुलींना सांडा शिकवते, म्हणून लिहिते. (वुशूचे दोन भाग: ताउलू म्हणजे हालचालींचं प्रदर्शन आणि सांडा म्हणजे प्रत्यक्ष लढत.)

पूजाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण "वुशूत पुढे काय होतं" हे वाचून वाईट वाटलं. २०१७ मध्ये कझानला पूजा कादियान जागतिक विजेती झाली, भारताची पहिली. मणिपूरच्या रोशिबिना देवीने २०१८ ला जकार्तात कांस्य आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं, आणि घरी राज्य पेटलेलं असताना ते पदक मणिपूरच्या लोकांना अर्पण केलं. दोघींनाही अर्जुन पुरस्कार मिळाला. या दोघींवर एखादा धागा निघाल्याचं मी पाहिलेलं नाही. खेळ सोडला की बातमी होते, खेळत राहिलं की होत नाही, हे माझं दुखणं आहे.

परिणाम काय होतो ते माझ्या वर्गात दिसतं. तेरा वर्षांची मुलगी येते आणि म्हणते, मॅडम, मला थेट पिंजऱ्यात लढायचंय. लाथ मारून पाय मागे कसा घ्यायचा हे अजून तिला येत नसतं.

तांबडीमाती

मी कुस्तीचा माणूस. माझा आक्षेप वेगळाच आहे. वुशूतून एमएमएत जाणं हा मुळातच कच्चा पाया आहे. सांडात समोरच्याला पाडलं की गुण मिळतात आणि पंच दोघांना उभं करतात. खरी लढाई तर पडल्यावरच सुरू होते! जानेवारी २०२० मध्ये बँकॉकला थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सनं पूजाला खाली घेऊन पहिल्याच फेरीत कोपरांनी संपवलं. मार्च २०२५ मध्ये लंडनला आयर्लंडच्या शॉना बॅननने दुसऱ्या फेरीत आर्मबार (कोपरातून हात उलटा ताणणारा डाव) लावून तिला हरवलं. दोन्ही वेळा घात जमिनीवर झाला. तालमीत वाढलेली पोर असती तर असं झालं नसतं.

उजवीलाथ

@तांबडीमाती, दोन्ही लढतींचं तुमचं वर्णन बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. आपल्याच मुंबईचा भरत खंडारे घ्या. पाया कुस्तीचा. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला यूएफसीत उतरला आणि पहिल्याच फेरीत गिलोटीनमध्ये, म्हणजे गळा आवळला जाऊन हरला. समोर कोण होता? साँग यादोंग, ज्याची सुरुवात सांडापासून झालेली. पट काढायला (पाय धरून पाडायला) मान खाली घालून घुसायची सवय इथे अंगाशी येते. सांडात कोपर आणि जमीन नाही, कुस्तीत ठोसा आणि गळा नाही. कोणाचाच पाया पुरा नसतो, उरलेलं शिकावंच लागतं.

चीनच्या झांग वेईलीचं बघा. लहानपणी सांडा खेळली, दुखापतीनं खेळ सुटला, बीजिंगमध्ये जिममध्ये नोकरी केली. २०१३ ला एमएमएतली पहिलीच व्यावसायिक लढत हरली. मग जिउ-जित्सूवर (जमिनीवर गळा-हात अडकवण्याची आणि त्यातून सुटण्याची कला) घाम गाळला आणि ३१ ऑगस्ट २०१९ ला शेन्झेनमध्ये अवघ्या ४२ सेकंदांत जेसिका आंद्रादेला हरवून यूएफसीची विजेती झाली. पूजाचाही ५२ किलोचाच गट. तीही बालीला जाऊन सराव करते. तिला वेळ द्या.

तांबडीमाती

भरतचा मुद्दा मान्य. मान उघडी टाकणं ही आमच्याकडची खरी खोड आहे, मॅटवर कुस्ती खेळणाऱ्या पोरांतही दिसते. पण झांगला जिउ-जित्सू शिकायला बीजिंग होतं. बुढाण्याच्या मुलीला बाली गाठावं लागतं. जिची ऐपत नाही तिनं काय करायचं?

दोनलेकींचीआई

मला डावपेच कळत नाहीत. माझी धाकटी सांडा खेळते. डोक्याला हेडगार्ड, छातीला गार्ड, दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या. एमएमएत पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, हातात चार औंसांचे ग्लोव्हज आणि डोकं उघडं. शौर्य, करिअर सगळं ठीक आहे, पण विशीतल्या मुलीच्या डोक्यावर बसलेले ठोसे चाळिशीत काय करतील याची जबाबदारी कोण घेणार? बॉक्सर म्हातारपणी कसे होतात ते आपण पाहिलंय. माझं मत स्पष्ट आहे: सांडा हो, एमएमए नाही.

उजवीलाथ

@दोनलेकींचीआई, तुमच्या भीतीला माझ्याकडे उत्तर नाही. हा धोका खरा आहे आणि तो लपवून कुणी मुलींना पिंजऱ्याकडे ओढू नये. माझं म्हणणं एवढंच, की सज्ञान खेळाडूनं जाणूनबुजून घेतलेल्या निर्णयाला "पैशाच्या मागे गेली" म्हणू नये. आणि पैशासाठी गेली असली तरी काय? क्रिकेटपटूला आपण हे कधी विचारतो का?

मॅटवरची

शेवटचं वाक्य मनापासून पटलं. माझ्यासोबत खेळलेल्या मुलींपैकी ज्यांना खेळाडू कोट्यातून खाकी वर्दी मिळाली त्या टिकल्या, बाकीच्यांची लग्नं झाली आणि खेळ संपला. तेव्हा पैशाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

तरी एका गोष्टीवर मी ठाम आहे. पूजाच्या लाथा दोस सांतोसच्या बरगड्यांवर बसत होत्या त्या वुशूनंच दिलेल्या होत्या. पाय उचलल्यावर उभं राहता येणं, समोरच्यानं पाय धरला तरी तोल न जाणं, हे वर्षानुवर्षं रोज पहाटे केल्याशिवाय येत नाही. "वुशूत काय होतं" याचं उत्तर हेच आहे. एमएमएत जायचं तर खुशाल जा, पण आधी पाच वर्षं इथे द्या.

@तांबडीमाती, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार करतेय. माझी एक विद्यार्थिनी यंदा बारावीला आहे. तिला एमएमएच करायचंय आणि घरचे तयार आहेत. महिनाभर झाला, तिला आठवड्यातून दोनदा गावातल्या तालमीत पाठवते. वस्ताद मुलीला घ्यायला आधी कचरले, आता स्वतः वेळ देतात. पण गळा किंवा हात अडकला की कसं सुटायचं, ते त्यांनाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. पुण्यात किंवा नाशकात शनिवार-रविवारी जिउ-जित्सू नीट शिकवणारं कुणी माहीत असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा. एसटीनं ये-जा करायची तिची तयारी आहे.